सात नंबर शेडचा तिसरा साक्षीदार

१

जुलैतल्या मंगळवारी भर दुपारी सात नंबर शेडमध्ये सहाशे चाळीस कोंबड्या गुदमरून मेल्या. गुरुवारी सकाळी त्या मरणाचा अहवाल टाइप होऊन सहीसाठी टेबलावर तयार होता. कोंबड्यांच्या या कारखान्याची एवढी तत्परता रौशाननं आजवर पाहिली नव्हती. एरवी पिण्याच्या पाण्याचा तपासणी-कागद मागितला की तीन-तीन महिने उत्तर येत नसे.

रौशान कझाक मुलखातल्या या जिल्ह्याची पशुवैद्यकीय निरीक्षक. प्राण्यांच्या संरक्षणाचा नवा कायदा आला तेव्हा तिनं तो गावोगाव फिरून वाचून दाखवला होता. मेंढपाळ पोट धरून हसले होते. “कोंबडीलासुद्धा कायदा? मग तिला वकीलही लागेल!” एकानं म्हटलं, आणि दुसऱ्यानं रौशानकडे बोट दाखवलं. तेव्हापासून ‘कोंबड्यांची वकीलीण’ हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

“सही करा, रौशान तोलेगेनोव्ना,” डायरेक्टर येरकेबुलाननं कागद पुढे सरकवला. “तुमच्याच कायद्याचं कलम लावलंय. खूश व्हा.”

तिनं वाचलं. शेडवाली कुमिसाय, वय सत्तावन्न. जेवणाच्या सुट्टीत आयरानची, म्हणजे घट्ट ताकाची, बाटली घेऊन विजेच्या पॅनेलच्या खोलीत शिरली. आयरान सांडलं, मेन स्विच पडला, पंखे थांबले. मुक्या जिवांचा निष्काळजीपणे छळ. नोकरीवरून कमी, आणि पुढची कारवाई पोलिसांकडे.

“त्या स्वतः काय म्हणतात?”

“एकच वाक्य. पंखे मी बंद केले नाहीत. खोलीत कशाला गेली होतीस, विचारलं की तोंडाला कुलूप.”

रौशाननं पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. ज्या कायद्यासाठी तिनं एवढी थट्टा सोसली, त्याच्या जाळ्यात या जिल्ह्यात पहिली सापडणार ती कोण, तर रोज सकाळी पिंजऱ्यांमधून फिरताना कोंबड्यांना ‘उठलात का गं पोरींनो’ विचारणारी म्हातारी. मनाला पटेना.

“पाच वाजेपर्यंत वेळ द्या,” ती म्हणाली.

“घ्या. पण साडेपाचला कागद पोलिसांकडे जाणार. तुमची सही असो वा नसो.”

२

पॅनेलची खोली शेडच्या दारातच, डाव्या हाताला होती. मंगळवारी सव्वादोनला डायरेक्टरनं ती सगळ्यांसमोर कुलूपबंद करून लाखेचं सील लावलं होतं. रौशाननं सील पाहिलं, धड होतं. मग तोडलं.

जमिनीवर आयरानचा वाळलेला डाग होता. एवढं घट्ट, आंबट दही-ताक वाळलं की चुन्यासारखं पांढरं दिसतं. तो डाग पॅनेलखाली नव्हताच. समोरच्या भिंतीशी, केबलच्या नालीच्या लोखंडी झाकणाजवळ होता. तिथून एक बारीक, वेडीवाकडी रेघ निघून दारापर्यंत गेली होती, उंबरा ओलांडून बाहेरच्या गवतात संपली होती. रेघेच्या दोन्ही बाजूंना थेंब पडले होते. पॅनेल मात्र छातीइतक्या उंचीवर, आणि त्यावर थेंबसुद्धा नव्हता.

रौशान बराच वेळ उकिडवी बसून त्या रेघेकडे पाहत राहिली. तिला का कोण जाणे, आपल्या आजीचं तंबूसारखं गोल घर आठवलं.

“तुम्ही काय शोधताय, बाई?” मागून आवाज आला. हा गेन्नादी पेत्रोविच, कारखान्याचा वायरमन. साठीचा, कमरेतून वाकलेला, आणि त्या वाकण्यावरून स्वतःच विनोद करणारा.

“पेत्रोविच, हा स्विच कशानं पडला?”

“तापून. आयरान-बियरान काही नाही. पिंजऱ्यात बघितलंत का?”

तिनं बघितलं होतं. परवान्यात एका पिंजऱ्याला पाच कोंबड्या. इथं आठ-आठ. मानेची पिसं घासून गेलेली, एकीला पंख पसरायचा तर दुसरीनं श्वास रोखून धरायचा. आठ नंबर शेडची दुरुस्ती निघाली म्हणून तिथल्या सगळ्या इथं कोंबल्या, दोनच आठवड्यांचा प्रश्न आहे, असं डायरेक्टरनं स्वतःच हसत सांगितलं होतं.

“पाचांची सोय केलेल्या शेडमध्ये आठ घातल्या की पंखे जिवाच्या आकांतानं फिरतात,” पेत्रोविच म्हणाला. “मी तोंडानं सांगितलं, लिहून दिलं. माझं ऐकतो कोण?”

“आणि भोंगा?”

शेडमध्ये उष्णता वाढली की आपोआप भोंगा वाजायचा. त्याची वायर याच नालीतून जायची.

“सोमवारी तपासला. ठणठणीत.” त्यानं पॅनेलवरचं बटण दाबलं. भोंगा असा कोकलला की रौशानचे कान बसले. “मंगळवारीही वाजला. आम्ही सगळे जेवत होतो. भोंगा ऐकला आणि पळत सुटलो. माझं पळणं तुम्हाला माहीतच आहे, कासवानं मला ओव्हरटेक केलं. पोचलो तर पंखे फिरत होते. दारं सताड उघडी. कुमिसाय पाइपनं कोंबड्या भिजवत होती, अर्धं शेड ओलंचिंब झालेलं. आणि मेलेल्यांचे ढीग.”

“पंखे सुरू कुणी केले?”

“झानबोलातनं, आमच्या सुपरवायझरनं. तरणा गडी, सगळ्यांच्या आधी पोचला.”

कॅन्टीनपासून शेड दोनशे पावलं. रौशाननं ती मघाशीच मोजली होती. भोंगा ऐकून निघालेला वाकलेला म्हातारासुद्धा तीन-चार मिनिटांत पोचला. तेवढ्यात एक बाई अर्धं शेड कशी भिजवेल? आणि सहाशे चाळीस जीव तीन मिनिटांत मरतात का?

भोंगा उशिरा वाजला होता. फार उशिरा.

३

कॅन्टीन पातिगुलचं. उइगुर बाई, हात लांबलचक शेवया ताणण्यात आणि तोंड लोकांची खरडपट्टी काढण्यात.

“मंगळवारी शेवयांचं लगमान होतं,” ती म्हणाली. “लगमान ताटात पडलं की माणसानं ताटाकडे बघावं. बायकोकडेसुद्धा बघू नये. पण इथल्या लोकांना अन्नाची कदर आहे का?”

“कुणी टाकलं?”

“भोंगा वाजल्यावर सगळ्यांनीच टाकलं. ते ठीक. जीव वाचवायला गेले. राग येतो तो त्या झानबोलातचा. त्यानं भोंग्याच्या आधीच टाकलं! एक घास नाही खाल्ला. खिडकीतून बाहेर बघितलं, पांढराफटक पडला आणि उठून गेला. मी म्हटलं, अरे, मीठ कमी आहे का? उत्तर नाही. मी ताट उचलून आत ठेवलं, सांडलेला चहा पुसला, आणि मग कुठं भोंगा वाजला.”

रौशान खिडकीशी गेली. तिथून सात नंबर शेडची मोठी दारं समोर दिसत होती.

झानबोलात तिला अंडी-विभागात सापडला. तिशीचा, उंच, डोळ्यांखाली काळं.

“मंगळवारी भोंगा वाजला तेव्हा कुठं होतात?”

“जेवत होतो. सगळ्यांबरोबर पळालो.”

“लगमान कसं झालं होतं?”

“चांगलं होतं.” तो हसला, पण ओठांपुरतंच.

तो खोटं बोलत होता, एवढं पक्कं झालं. पण पातिगुलच्या रागावर कुणाचा गुन्हा सिद्ध होत नाही. शिवाय कुमिसायनं आयरान ओतलं होतं हे खरंच होतं, आणि का ओतलं ते ती सांगत नव्हती. ते कोडं सुटेपर्यंत डायरेक्टरचा कागद खोटा म्हणता येत नव्हता. घड्याळात दीड वाजला होता.

४

कुमिसाय आपा घराबाहेर एल्मच्या झाडाच्या सावलीत लोकर पिंजत बसली होती. रौशानला बघून उठली, आत नेलं, पथारी घातली, चहा ओतला. पियाल्यात दोनच घोट. पाहुणा मानाचा, त्याला पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून. नोकरी गेली होती, पोलीस येणार होते, पण चहाची रीत चुकली नाही.

“पोरी, तू सही कर,” ती म्हणाली. “तुझ्या नोकरीवर बालंट नको. माझं काय, पिकलं पान.”

रौशाननं चहा संपवला. पियाला पुढे केला. आणि दुसऱ्यांदा चहा पडत असताना सहज विचारलं:

“आपा, केवढा होता तो?”

चहा थांबला.

“कोण?”

“माझ्या आजीच्या घरात एकदा आला होता. मी सहा वर्षांची. मी काठी आणायला पळाले तर आजीनं मला एक ठेवून दिली. घरात आलेल्याला मारायचं नाही, म्हणाली. डोक्यावर पांढरं ओतायचं आणि वाट मोकळी करून द्यायची. तिनं आयरान ओतलं. तो दारातून बाहेर गेला आणि जमिनीवर अशीच रेघ उमटली. वेडीवाकडी. मी आज तीच रेघ पाहिली, आपा.”

म्हातारीनं किटली खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले होते.

“दोन हात असेल,” ती हळूच म्हणाली. “राखाडी. मी बाहेर झाडाखाली जेवत होते. दहा शेडचे पंखे घोंघावतात, त्यातला एक थांबला तर बाहेर कळतंय होय? आयरानची बाटली शेडच्या दाराशी राहिली होती, ती घ्यायला गेले. खोलीत काही सळसळलं, लोटलेलं दार ढकलून बघते तर हा आत, भिंतीशी. मी बिस्मिल्ला म्हटलं, ओतलं, बाजूला सरकले. तो निघाला. त्याला वाट द्यायला म्हणून मी पाठ फिरवली, तर समोर तो मोठा स्विच. खाली पडलेला! तेव्हा कळलं. स्विचला हात लावायचा आम्हाला हुकूम नाही, फोन गेटवर जमा. मग दारं उघडली, पाइप घेतला. तो आला नसता तर मी निवांत भाकरी चावत बसले असते, पोरी, आणि अकराच्या अकरा हजार गेल्या असत्या.”

“मग हे सांगितलं का नाही?”

“कुणाला? डायरेक्टरला?” तिला एकदम राग आला. “मागच्या वर्षी कुंपणाशी एक दिसला तर माणसं आणून सगळी बिळं धुरानं भरली होती त्यानं. पिल्लंसुद्धा सोडली नाहीत. ज्यानं माझ्या पोरी वाचवल्या, त्याचं नाव मी सांगू? एवढी कृतघ्न नाही मी.”

एका सापाचे उपकार फिटावेत म्हणून ही बाई तुरुंगात जायला निघाली होती. कायदा काय असतो हे आपण गावोगाव सांगत फिरलो, आणि ते आपल्या आधी हिला ठाऊक होतं, असं तिला वाटून गेलं. आजीची आठवण झाली, आणि त्या चपराकीबद्दल तिनं मनातल्या मनात पहिल्यांदाच आजीचे आभार मानले.

मग तिच्यातली निरीक्षक जागी झाली.

“आपा, पण तो आत आला कुठून? दाराला खाली रबराची पट्टी आहे. उंदीरसुद्धा शिरत नाही.”

“त्या नालीतून. दुसरं काय?”

“नालीवर लोखंडी झाकण आहे.”

“कसलं झाकण?” आपानं भुवया उंचावल्या. “नाली उघडीच होती की. झाकण बाजूला उपडं टाकलेलं. मला वाटलं, ती तशीच असते.”

५

साडेचारला पॅनेलच्या खोलीत पाच जण उभे होते. डायरेक्टर येरकेबुलान, पेत्रोविच, झानबोलात, पातिगुल आणि रौशान. पातिगुलला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती आली होती.

“सही झाली का?” डायरेक्टरनं विचारलं.

“होतेय. आधी एक प्रश्न. मंगळवारी तुम्ही आलात तेव्हा हे झाकण कसं होतं?”

“असंच. बंद. तसं मी जबाबात लिहिलंय.”

“म्हणजे आयरान सांडलं तेव्हाही बंद असणार?”

“अर्थात.”

“पेत्रोविच, उचला बरं.”

“माझी कंबर बघता ना, बाई?”

“मग झानबोलात उचलतील. त्यांना सवय आहे.”

झानबोलात जागचा हलला नाही. शेवटी डायरेक्टरनंच वैतागून भिंतीवरचा आकडा काढला, झाकणाच्या कडीत अडकवला आणि झाकण उलटं करून टाकलं. धाडकन आवाज झाला.

झाकणाच्या खालच्या बाजूला आयरानचे थेंब होते. सात-आठ, वाळून पांढरे झालेले. वरच्या बाजूला एकही नव्हता.

पातिगुलनं “अगो बाई” म्हटलं.

“बंद झाकणाच्या पोटावर आयरान उडत नाही,” रौशान म्हणाली. “आपांनी ते ओतलं तेव्हा झाकण इथं उपडं पडलेलं होतं. नंतर कुणीतरी ते जागेवर बसवलं. सव्वादोनला तुम्ही सील लावलंत, म्हणजे त्याच्या आधी. झाकण उघडायचं कारण एकच. खाली भोंग्याची वायर आहे. आठ-आठ कोंबड्यांनी शेड तापायचं, भोंगा दिवसातून दहादा वाजायचा. कुणीतरी रोज दुपारी वायर सोडवत होतं आणि ऊन उतरलं की परत जोडत होतं. दर वेळी झाकण कोण लावत बसणार? मंगळवारी वायर सुटलेली असताना पंखे पडले आणि भोंगा मुका राहिला. मग त्या माणसानं कॅन्टीनच्या खिडकीतून शेडची दारं उघडी पाहिली. धावत आला, वायर जोडली, झाकण बसवलं, स्विच वर केला. वायर जोडल्या क्षणी भोंगा वाजला. तुम्ही सगळ्यांनी ऐकला तो हाच. त्या क्षणी सगळे कॅन्टीनमध्ये होते. एक सोडून.”

“लगमान टाकून गेलेला!” पातिगुल ओरडली.

झानबोलात भिंतीला टेकला. मग तसाच खाली बसला.

“दहा वेळा भोंगा, आणि दहा वेळा यांच्या शिव्या,” तो डायरेक्टरकडे न बघता म्हणाला. “कोंबड्या कमी करा म्हटलं तर म्हणायचे, भोंगा बंद कर. मी केला. मारायच्या नव्हत्या हो मला. आपा दोन दिवस गप्प बसल्या, आणि मी पण. त्या काय म्हणून गप्प होत्या ते मला कळत नव्हतं. माझ्यापुरतं बरंच होतं.”

येरकेबुलानचा चेहरा लाल झाला होता. “मी गमतीनं म्हटलं असेन. आणि हे सगळं राहू दे. ती बाई इथं आयरान घेऊन नाचत का होती, ते आधी सांगा. ओतलंच का?”

रौशाननं अहवालाचा कागद उघडला. “मी अहवालात लिहिलंय. ऐका. खोलीत एक मुका जीव शिरला होता. शेडवालीनं त्याला इजा न करता सुखरूप बाहेर जाऊ दिलं. तिचं हे वागणं कायद्याला धरूनच आहे.”

“कसला जीव? मांजर? उंदीर? मला नाव पाहिजे!”

तिनं नुसतं जमिनीकडे पाहिलं. येरकेबुलाननंही पाहिलं. डाग, वेडीवाकडी रेघ, दोन्ही बाजूंचे थेंब, उंबरा, गवत. तो तिथंच पाहत राहिला. शहरात शिकलेला, टाय लावणारा माणूस, पण कुठल्या तरी कझाक आजीच्या हाताखालूनच मोठा झालेला. त्याचे ओठ काहीतरी पुटपुटले.

“राहू दे,” तो अखेर म्हणाला. “नाव नको.”

पेत्रोविच खाकरला. या लोकांत त्याची हयात गेली होती. त्यालाही मघाशीच कळलं होतं, पण तो छताकडे बघत राहिला.

पाचला पाच मिनिटं असताना रौशाननं सही केली, आपल्या अहवालावर. भोंगा तोडल्याची जबाबदारी सुपरवायझरची. परवान्याबाहेर कोंबड्या कोंडल्याची जबाबदारी डायरेक्टरची. उद्या संध्याकाळपर्यंत पिंजऱ्याला पाच, नाहीतर शेडला टाळं. कुमिसाय यांच्यामुळे दहा हजारांवर जीव वाचले, त्यांना कामावर सन्मानानं परत घ्यावं. खाली साक्षीदारांचा रकाना होता. पहिली पातिगुल, दुसरा गेन्नादी पेत्रोविच. तिसऱ्या ओळीत तिनं लिहिलं: नाव सांगू इच्छित नाही.

६

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पिंजरे मोजायला आली. पाच-पाच. आठ नंबरची दुरुस्ती एका दिवसात कशी उरकली, हे तिनं विचारलं नाही. सात नंबरमध्ये एका कोंबडीनं पंख पूर्ण पसरले, झटकले आणि पुन्हा मिटले. काम तेवढंच, पण रौशान पिंजऱ्याशी उभी राहून ते पाहत राहिली.

दारात कुमिसाय आपा वाट बघत होती. तिनं दोन्ही तळवे वर करून रौशानला आशीर्वाद दिला. तुझी वाट मोकळी राहो, तुझ्या दारी आलेला सुखानं परत जावो, असा काहीसा, लांबलचक. मग तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि आयरानची भरलेली बाटली तिच्या हातात कोंबली.

“आभार माझे मानू नका, आपा,” रौशान म्हणाली. “मीच तुमची ऋणी आहे. आणि आणखी एकाची.”

“मग त्याला पण दे थोडं,” आपा म्हणाली, जणू शेजारच्या घरी वाटी पाठवायची होती.

नालीचं बाहेरचं तोंड ट्रान्सफॉर्मरमागे, सुकलेल्या गवतात होतं. रौशाननं बाटली उघडली आणि त्या तोंडाशी मातीवर आयरान ओतलं, बेताचं, आजी ओतायची तसं. गेटवरचा पहारेकरी ओरडला:

“बाई, काय सांडलं तिकडं?”

“सांडलं नाही,” रौशान बूच लावत म्हणाली. “साक्षीदाराचा भत्ता होता. देऊन टाकला.”